दुसऱ्या विषयाच्या संशोधकाशी बोलायचं कसं? सांगली-साताऱ्यातल्या नवख्यांसाठी

सांगलीत विश्रामबागेला विलिंग्डन महाविद्यालय आहे आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. एकातून निघून दुसऱ्यात चालत जाता येतं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून रिक्षाच्या अंतरावर. कसबे डिग्रजला हळदीचं संशोधन चालतं. वर साताऱ्याकडे सरकलं की कराडजवळ हजारमाचीला कोयनेच्या भूकंपांसाठी जमिनीत खोल छिद्रं घेऊन अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा, पाडेगावला उसाचं केंद्र, फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था, महाबळेश्वरला गव्हावरच्या तांबेरा या बुरशीरोगाचं केंद्र आणि २०१२ पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा. दोन जिल्ह्यांत एवढं सगळं आहे, पण ही माणसं एकमेकांना भेटतात ती लग्नात, नाहीतर बँकेच्या रांगेत. वनस्पतिशास्त्राचे सर परिषदेला कोइमतूरला जातात, स्थापत्यच्या मॅडम रुरकीला जातात, आणि दोघं शेरीनाल्याच्या एकाच पुलाखालचं पाणी बाटलीत भरत असतात.

नुकतीच नोकरी लागलेले प्राध्यापक, पीएच.डी.ची मुलं-मुली, मिरजेत एम.डी.चा प्रबंध करणारे डॉक्टर, कृषी केंद्रातले नवे सहायक यांच्यासाठी हा लेख आहे. आपलं काम परक्या विषयाच्या माणसाला कसं सांगावं, त्याचं कसं ऐकावं आणि त्यासाठी सहा-आठ जणांचा गट कसा जमवावा, हे क्रमाने सांगतो. प्रत्येक पायरीला सारखी मेहनत लागत नाही. काही दोन मिनिटांच्या आहेत, काहींवर महिना जातो.

पहिली पायरी: विषय ठरवू नका, जागा ठरवा

‘पर्यावरण आणि शाश्वत विकास’ या नावाची चर्चासत्रं आपल्याकडे रग्गड होतात. फलक लागतो, दीपप्रज्वलन होतं, प्रत्येक जण आपापला पेपर वाचतो आणि जेवण झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन घरी जातो. यातून कुणी कुणाचं काम उचलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कारण ‘पर्यावरण’ या शब्दाखाली मातीवाला मातीबद्दल बोलतो, डॉक्टर फुप्फुसाबद्दल बोलतो आणि दोघांना एकमेकांकडून काय घ्यायचं हे कळायला जागाच राहत नाही.

निरनिराळ्या शास्त्रांना एकत्र बांधतं ते ठिकाण आणि तारीख. सिद्धान्त जुळायला वर्षं लागतात. ‘हरिपूर, ऑगस्ट २०१९’ एवढं म्हटलं की लगेच जुळतं. त्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पुलाजवळची दर तासाची पातळी अभियंत्यांकडे असते. पुरानंतरच्या आठवड्यांत तापाचे, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे), सर्पदंशाचे किती रुग्ण आले ते डॉक्टरांकडे. कुठल्या शिवारात हळदीचे गड्डे किती दिवस पाण्याखाली राहून कुजले ते डिग्रजच्या माणसांना आणि शेतकऱ्यांना ठाऊक. नदीतल्या मगरी त्या काळात कुठे दिसल्या याच्या नोंदी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे. गाळ किती बसला ते भूगोलाच्या माणसाकडे. पाच विषय, पण नकाशा एकच आणि कॅलेंडरही एकच.

म्हणून जागा निवडा. हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम चालेल. मिरज, पलूस, वाळव्याच्या पट्ट्यातली क्षारपड जमीन तर उत्तमच. उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी भरमसाट दिल्याने आणि निचरा नसल्याने ती खराब झालेली आहे आणि तिच्यावर मृदाशास्त्रज्ञ, निचऱ्याचे सच्छिद्र पाईप टाकणारे अभियंते, विहिरींचं पाणी तपासणारे रसायनवाले आणि कर्जाचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ असे सगळे स्वतंत्रपणे काम करत असतात. साताऱ्याच्या मंडळींना कास पठार आहेच. फुलण्याच्या तारखा एकाकडे, फुलांवर येणाऱ्या कीटकांच्या नोंदी दुसऱ्याकडे, जांभ्या दगडाची माहिती तिसऱ्याकडे आणि पर्यटक किती आले ते स्थानिक समितीच्या वहीत.

जागा फार मोठी घेऊ नका. ‘कृष्णा खोरं’ म्हटलं की पुन्हा भाषणं सुरू होतात. एका दिवसात सगळ्यांना पायी किंवा दुचाकीवरून फिरून बघता येईल एवढीच हवी.

दुसरी पायरी: माणसं गाठा

विभागप्रमुखांपासून सुरुवात करू नका. त्यांना पत्र गेलं की ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे जातं आणि तुमच्यासमोर येतात ते त्या दिवशी मोकळे असलेले सर. प्रत्यक्ष नमुने गोळा करणारा माणूस गाठा. तो बहुतेक वेळा पीएच.डी.चा विद्यार्थी किंवा प्रयोगशाळा सहायक असतो. त्याचं नाव प्रबंधाच्या यादीत, नाहीतर प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडे मिळतं. प्रमुखांना मात्र नंतर आवर्जून कळवा. परवानगी लागेल तिथे ती लेखी घ्या, म्हणजे त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला पुढे त्रास होत नाही.

पहिला निरोप छोटा असावा. व्हॉट्सअ‍ॅपवर हा चालतो:

“नमस्कार मॅडम, मी अमुक महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवतो. कवठे पिरानच्या आसपास विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवर काम करतोय. तुमच्या विद्यार्थिनी त्याच भागात पोटाच्या विकारांची पाहणी करतात असं कळलं. माझ्याकडे विहिरींचे आकडे आहेत, ते तुम्हाला उपयोगी पडतील का ते बघायचं होतं. रविवारी सकाळी अर्धा तास मिळेल का? मी मिरजेला येतो.”

यात तीन गोष्टी बघा. आधी देऊ केलंय, मागितलेलं काहीच नाही. जागेचं नाव आहे. आणि येण्याचे कष्ट स्वतःकडे घेतलेत. ‘सहकार्याच्या संधींबाबत चर्चा’ असलं काही लिहिलंत तर उत्तर म्हणून हात जोडलेलं चित्र येईल.

सहा ते आठ माणसं पुरे. एकाच विषयाची दोघांहून जास्त नकोत, नाहीतर ते आपसातच बोलत बसतात. शेतकरी, पक्षीनिरीक्षक, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले कारकून यांना जरूर बोलवा, पण दुसऱ्या बैठकीपासून. पहिल्या बैठकीत प्राध्यापक मंडळी एकमेकांवर छाप पाडण्यात गुंतलेली असतात, तिथे त्या माणसांना नुसतं ऐकत बसावं लागतं.

तिसरी पायरी: एक पान लिहा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. प्रत्येकाने बैठकीच्या आठवडाभर आधी मराठीत एक पान लिहून सगळ्यांना पाठवायचं. संशोधनाचा सारांश नको. पुढच्या प्रश्नांची उत्तरं हवीत: मी काय मोजतो? कुठे? कधीपासून? किती दिवसांनी? कुठल्या एककात? माझं अडलंय कुठे? माझ्याकडे काय आहे जे दुसऱ्याला देता येईल?

एक नमुना देतो. काल्पनिक आहे, पण घडण अशीच हवी.

“मी पंधरा विहिरींतलं पाणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतो. जून २०२२ पासून. विद्युतवाहकता, पीएच आणि नायट्रेट मोजतो. चार विहिरींत नायट्रेट उन्हाळ्यात कमी होण्याऐवजी वाढतं. खत कधी टाकलं जातं हे मला माहीत नाही. जमिनीखाली कुठल्या खोलीवर मुरूम लागतो हेही माहीत नाही. माझ्याकडे बाटल्या, शीतपेटी आणि नायट्रेट मोजायचं यंत्र आहे. कुणाला वीसेक नमुने मोजून हवे असतील तर मोजून देईन.”

‘मला माहीत नाही’ हे वाक्य लिहायला आपल्याकडे माणसं फार कचरतात, विशेषतः ‘सर’ म्हणवून घ्यायची सवय झाली की. पण समोरच्याला तुमच्या कामात शिरायला दार असतं ते तेवढंच. निष्कर्ष सांगितलात तर तो ‘छान’ म्हणेल. अडलेलं सांगितलंत तर म्हणेल, “अहो, खताचं काय विचारता, सोसायटीच्या खतविक्रीच्या तारखा आमच्या विद्यार्थ्याने काढल्यात.”

फलटणचं उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखं आहे. आपल्या दख्खनी मेंढीला साधारण एका वेताला एकच कोकरू होतं. सुंदरबनातली गरोळे मेंढी अंगाने लहान, पण तिला जुळी-तिळी सर्रास होतात. हा गुण दख्खनीत आणायचा म्हणून निंबकर संस्थेने संकर सुरू केला. अडचण अशी की एखाद्या मेंढ्यात तो गुण आहे की नाही हे त्याच्याकडे बघून कळत नाही. त्याच्या मुली मोठ्या होऊन विण्यापर्यंत थांबायचं, म्हणजे वर्षं गेली. हाच गुण ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांतही होता आणि तो तिथे अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून गेलेल्या मेंढ्यांकडून आला असं मानलं जातं. २००१ मध्ये त्यामागचा जनुकातला बदल सापडला. मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रेणुजीवशास्त्रज्ञांच्या साथीने रक्ताच्या थेंबावरून तो ओळखायची चाचणी फलटणच्या कळपासाठी वापरता आली. मेंढपाळाची गरज, पशुपैदास करणाऱ्यांचा कळप, पुण्यातली प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले जनुकशास्त्रज्ञ एका साखळीत आले, कारण प्रश्न नेमका होता: या मेंढ्यात तो जनुक आहे का? ‘ग्रामीण पशुधनात जैवतंत्रज्ञानाची भूमिका’ असा विषय ठेवला असता तर एक स्मरणिका निघाली असती.

दुसरं उदाहरण तांबेऱ्याचं. गव्हावरचा काळा तांबेरा मैदानातल्या उन्हाळ्यात तगत नाही, मग तो दर हंगामात येतो कुठून? युरोप-अमेरिकेत तो बार्बेरी नावाच्या झुडपावर दिवस काढतो, पण आपल्याकडे त्या झुडपाचा फारसा हात नाही, हे आग्र्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ करमचंद मेहता यांनी दाखवलं. तो दक्षिणेतल्या नीलगिरी-पळणीच्या डोंगरांत तग धरतो. तिथून तो मध्य भारतात पोचतो कसा, हे मात्र वनस्पतिरोगतज्ज्ञाला एकट्याने सुटण्यासारखं नव्हतं. १९७०च्या दशकात नागराजन हे वनस्पतिरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्यांच्या नोंदी आणि उपग्रहाने टिपलेले ढग तपासले. नोव्हेंबरातल्या बंगालच्या उपसागरावरच्या वादळांबरोबर बीजाणू वर चढतात आणि पावसाबरोबर शेतात उतरतात, असा माग लागला. आज महाबळेश्वरात तांबेऱ्याचं केंद्र आणि ढगांची प्रयोगशाळा एकाच गावात आहेत. एखाद्या नव्या विद्यार्थ्याने दोन्हीकडे चहा प्यायला काय हरकत आहे?

चौथी पायरी: एककं आधी जुळवा

भांडणं इथे होतात आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पाण्याचंच घ्या. वर्तमानपत्र धरणाचं पाणी टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगतं, विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि पुराची पातळी फुटांत. परदेशी शिकून आलेला जलशास्त्रज्ञ घनमीटरशिवाय बोलत नाही. १ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. १ घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एका दिवसात १ टीएमसी पाणी जायचं तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अखंड हवा. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३०० कोटी घनमीटर. हे चार आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. शिवाय आयर्विन पुलाचे ४५ फूट हे तिथल्या पट्टीवरचे फूट आहेत, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. उपग्रहावरून उंचीचा नकाशा काढणारा मुलगा हे विसरला तर त्याच्या नकाशात सांगली कायमची बुडते, नाहीतर कधीच बुडत नाही.

मातीत तर याहून नाजूक प्रकार आहे. पुस्तकातली व्याख्या अशी की विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप, ४ डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. पण हा आकडा माती पाण्याने पूर्ण संपृक्त करून काढलेल्या अर्काचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. त्यात आकडा बराच कमी येतो, कारण पाणी जास्त. एकाचा ‘१.५’ आणि दुसऱ्याचा ‘५’ हे एकाच वावराचे असू शकतात. पद्धत लिहिलेली नसेल तर तो आकडा वापरू नका, समोरचा कितीही ज्येष्ठ असला तरी.

नायट्रेटमध्येही तसंच. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. शेतीवाले बऱ्याचदा ‘नायट्रेटच्या रूपातलं नायट्रोजन’ लिहितात. त्या आकड्याला सुमारे ४.४ने गुणलं की नायट्रेट मिळतं. कृषी अहवालातला ‘११’ डॉक्टरला सुरक्षित वाटतो आणि प्रत्यक्षात तो मर्यादा ओलांडून गेलेला असतो.

तारखांचं थोडक्यात. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल यावर वाद नको. जुने शेतकरी पाऊस नक्षत्रावर सांगतात. ‘मृगात पेरलं’ म्हणजे साधारण ७-८ जूनच्या पुढचा पंधरवडा. तेही टिपून घ्या, पण त्यांच्या शब्दांत. तारखेत रूपांतर शेजारच्या रकान्यात करा.

पाचवी पायरी: बैठक

आधी दिवस. हे वाटतं तितकं सोपं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासवाले पठारावर असतात. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षावर काम करणारे भुरी आणि डाऊनी या रोगांच्या मागे पळत असतात. जुलै-ऑगस्टात पूर. गळीत सुरू झाला की ऊसवाले मिळत नाहीत. मार्च-एप्रिल परीक्षा आणि पेपर तपासणी. डॉक्टर फक्त रविवारी, तेही बोलावणं आलं नाही तर. डिसेंबर-जानेवारीतला आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला रविवार त्यातल्या त्यात बरा.

शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक काही नको. स्वागतगीत तर नकोच. भडंग आणि चहा ठेवा. खोलीत फळा असला पाहिजे. प्रोजेक्टर शक्यतो लावू नका, कारण तो लावला की दिल्लीच्या परिषदेतल्या साठ स्लाइड जशाच्या तशा बाहेर येतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. दहा बोलायला, पाच प्रश्नांना. घड्याळ सर्वांत लहान वयाच्या माणसाच्या हातात द्या आणि त्याने टोकलं तर ज्येष्ठांनी थांबायचं, हे आधीच ठरवा.

पहिला प्रश्न विचारायचा मान विषयाने सर्वांत लांबच्या माणसाला. मातीवर कुणी बोललं तर आधी डॉक्टरांनी विचारायचं. हा नियम नसेल तर त्याच विषयाचा दुसरा तज्ज्ञ बारीकसारीक शंका काढून पाच मिनिटं खातो आणि बाकीचे मोबाईल काढतात. प्रश्न ‘बाळबोध’ असला तर फार चांगलं. “विहीर रिकामी केल्यावर पाणी घेता की आधी?” असं एखाद्या डॉक्टरने विचारलं की नमुना घेण्याची पद्धतच तपासली जाते.

शेवटच्या वीस मिनिटांत फळ्यावर दोन रकाने काढा: ‘देतो’ आणि ‘पाहिजे’. प्रत्येकाच्या पानावरून भरा. जिथे दोन्ही रकाने जुळतात तिथे दोघांची नावं आणि तारीख. एवढंच इतिवृत्त.

दुसरी बैठक खोलीत घेऊ नका. ठरवलेल्या जागी जा. क्षारपड वावरात उभं राहून निचऱ्याच्या पाईपातून येणारं पाणी जिभेला लावून बघितलेल्या सांख्यिकीच्या माणसाला पुढे आलेख वेगळा दिसतो.

सहावी पायरी: काय सांगायचं नाही

उत्साहात माणसं हे विसरतात, म्हणून सविस्तर.

पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज करण्याआधी खुल्या बैठकीत बोलू नका. जे आधीच जाहीर झालं त्याला नवेपणा उरत नाही. हवं तर तात्पुरत्या विवरणासह अर्ज आधी दाखल करता येतो आणि पूर्ण विवरण द्यायला १२ महिने मिळतात. हळद शिजवायचं नवं यंत्र, बेदाणा सुकवायची नवी पद्धत असलं काही हातात असेल तर हे लक्षात ठेवा.

रुग्णांची माहिती नीतिशास्त्र समितीच्या परवानगीशिवाय बाहेर द्यायची नाही. नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. शंभर उंबऱ्यांच्या वाडीत ‘३५ वर्षांची स्त्री, लेप्टो’ एवढं लिहिलं तरी सगळ्या वाडीला कळतं. तालुका आणि आठवडा यांच्या बेरजा द्या, बहुतेक कामांना तेवढं पुरतं.

दुर्मीळ वनस्पतींची नेमकी जागा सांगू नका. पठारांवरच्या कंदीलपुष्पांचे कंद उकरले जातात. अक्षांश-रेखांश दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत लिहिले तर माणूस दहा-अकरा मीटरच्या आत जाऊन उभा राहतो. दुसऱ्या स्थळापर्यंत ठेवले तर साधारण एक किलोमीटर, पहिल्यापर्यंत ठेवले तर अकराच्या आसपास. हवामानवाल्याला पहिलं स्थळ पुरतं. त्याला चौथं देण्याचं कारण नाही.

शेतकऱ्याचा गट नंबर कुठल्याही तक्त्यात नको. ‘या गटात नायट्रेट जास्त’ हे बाहेर गेलं तर उद्या त्याच्या जमिनीचा भाव पडेल, सोसायटीत चर्चा होईल. पण त्याला स्वतःला मात्र त्याचा आकडा आधी कळवा, छापून येण्याच्या आधी. आपल्याकडे माती घेऊन गेलेले परत फिरकत नाहीत, अशी गावोगावची तक्रार आहे आणि ती बरीचशी खरी आहे.

आता नावांचा प्रश्न. दोघांच्या आकड्यांतून लेख निघाला तर पहिलं नाव कुणाचं, नुसते नमुने मोजून दिले तर लेखक म्हणायचं की आभारात, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा प्रबंध आधी की लेख आधी, हे काम सुरू होण्याआधी चार ओळींत लिहून दोघांनी एकमेकांना ईमेल करायचं. “आपल्यात काय असं लिहायचं!” असं कुणी म्हणालं तर जास्तच तातडीने लिहा.

सातवी पायरी: आकडे कुठे ठेवायचे

एकाच्या लॅपटॉपवर नको. साधी सीएसव्ही फाईल, एका ओळीत एक मोजणी, रकाने: ठिकाण, तारीख, काय मोजलं, आकडा, एकक, पद्धत, कुणी मोजलं. आकडे इंग्रजी अंकांत भरा, कारण बहुतेक सॉफ्टवेअर देवनागरी अंकांना मजकूर समजून बेरीज करत नाहीत. रंग भरून अर्थ दाखवू नका. ‘पिवळा म्हणजे संशयास्पद’ हे तुमच्याखेरीज कुणाला कळणार?

जे खुलं करता येईल ते झेनोडो या संकेतस्थळावर ठेवा. युरोपातली सर्न संस्था ते चालवते, पैसे पडत नाहीत आणि फाईलला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. त्यामुळे तुमच्या आकड्यांचाही लेखासारखा संदर्भ देता येतो. नव्या प्राध्यापकाला याचा उपयोग होतो.

आठवी पायरी: मतभेद

होणारच. कोयनेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने शांत, अशी बरीच वर्षं समजूत होती. १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागल्यापासून परिसरात धक्के जाणवायला लागले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणाच्या पाण्याने भूकंप होतो का, यावर अभियंते आणि भूकंपशास्त्रज्ञ यांच्यात मोठे वाद झाले. पाण्याची पातळी एकाच्या वहीत, धक्क्यांच्या नोंदी दुसऱ्याच्या यंत्रावर. दोन्ही एका कागदावर, एकाच तारखेच्या अक्षावर मांडल्यावरच पाणी किती चढतं, किती वेगाने चढतं आणि किती काळ टिकतं याचा धक्क्यांशी संबंध तपासता आला. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर दशकानुदशकं काम केलं. तरी खडकात नेमकं काय घडतं याची उत्तरं जमिनीवरून मिळेनात, म्हणून कोयना परिसरातल्या गोठणे गावी सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला.

तुमच्या गटात वाद झाला तर हीच रीत: कोण बरोबर ते त्या दिवशी ठरवायचं नाही. दोघांचे आकडे एका तारखेच्या रेषेवर मांडून पुढच्या बैठकीत आणायचे. आणि आणखी कुठली मोजणी केली तर प्रश्न सुटेल ते दोघांनी मिळून लिहायचं. जो ते लिहायला तयार नाही त्याला वादात रस आहे, प्रश्नात नाही. त्याला पुढच्या वेळी निरोप नाही गेला तरी चालतं.

शेवटी, गट बंद कधी करायचा

तीन बैठका झाल्या आणि ‘देतो-पाहिजे’च्या फळ्यावरून एकही फाईल, बाटली किंवा यंत्राचा वापर इकडून तिकडे गेला नाही, तर जागा बदला. संगम सोडून क्षारपड वावर घ्या, पठार सोडून गावतळं घ्या. दोन जागा बदलूनही काही हललं नाही, तर गट बंद केल्याचा निरोप सगळ्यांना पाठवून मोकळे व्हा. नुसता चालू ठेवलेला गट हळूहळू सणांच्या शुभेच्छांचा गट होतो. आणि जर देवाणघेवाण सुरू झाली असेल, तर आठ माणसांच्या पुढे तो वाढवू नका. नववा माणूस आला की त्याला दुसरी जागा देऊन दुसरा गट काढायला सांगा, आणि त्याच्या पहिल्या बैठकीला तुमच्यातला एक जण फळा घेऊन जाऊ दे.